खालच्या गोदामापर्यंत

ता. ४ मार्च

माझ्या खारूताई,

तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने चढावरूनच पाकीट हलवलं आणि ओरडला, "आजी, साहेबीणबाईंचं आलंय!" मी म्हटलं, साहेबीण असेल तिच्या ऑफिसात, माझ्या घरी अजून तिला नाक पुसायला सांगावं लागतं. हसला बिचारा. दोन घटका थांबला असता तर चहा टाकला असता, पण त्याच्या पिशवीत आणखी पाच घरं होती.

माझं अक्षर बघून हसू नकोस. तुझ्या पाटीशेजारी बसून मी लिहायला शिकले. तू धावत पुढे गेलीस, मी काना-मात्रेपाशी बसून राहिले. फोनवर आता मला नुसती भुणभुण ऐकू येते, माशी बोलतेय की नात ते कळत नाही. पत्र बरं. पत्र वाचायला कान लागत नाहीत.

कोंबड्या ठीक आहेत. वकीलीण अजून सगळ्यांशी भांडते आणि अंडं मात्र दिवसाआड देते, म्हणजे वकिलासारखंच. नकटीचं डोकं ठिकाणावर नाही, ती परवा माझ्या चपलेवर बसून राहिली, उबवायला.

गुरुवारी नेहमीसारखी बसने मोठ्या बाजारात गेले. खिडकीची जागा मिळाली. तो कंडक्टर तसाच आहे. म्हणतो, "आजी, टोपलीचं अर्धं तिकीट काढा, ती तुमच्यापेक्षा जास्त जागा अडवते." बाजारात एवढी गर्दी, एवढी गर्दी, की मी दोनदा हरवले आणि दोनदा सापडले. तेव्हा माझी काळजी करू नकोस.

एक सांग. कोपऱ्यावरची शिंपीणबाई मला विचारत होती, तुमची नात करते काय? मी म्हटलं, बाजारांच्या हद्दी ठरवते. ती म्हणाली, "बाजाराला काय कुंपण असतं?" मला उत्तर सुचेना, म्हणून मी तिच्या शिलाईला नावं ठेवली. पण आता उत्तर पाठव, नाहीतर फार दिवस शिलाईवर भागणार नाही.

तुझ्या तिघी मैत्रिणी कशा आहेत? डबा एकत्रच खाता ना?

तुझी आजी


ता. १३ मार्च

प्रिय आजी,

शिंपीणबाईंना सांग, कुंपण असतं, पण दिसत नाही. ते माणसांच्या पायांत असतं.

असं बघ. तुझ्याकडचं उताराच्या तळाशी असलेलं खालचं गोदाम एका कंपनीचं आहे आणि पुलापलीकडचं गोदाम दुसऱ्या कंपनीचं. दोन्हीकडे लोक अंडी विकतात. आता या दोन कंपन्यांना एक व्हायचंय. एक झाल्यावर त्यांनी भाव पाडला तर तुम्ही टोपली उचलून तिसरीकडे जाऊ शकता का, एवढंच आमचं खातं बघतं. जाऊ शकत असाल तर ती तिसरी जागाही तुमच्याच बाजारात धरायची, मग दोघं एक झाले तरी बिघडत नाही. जाऊ शकत नसाल तर बाजार तिथेच संपला. मग आम्ही त्यांना एक होऊ देत नाही. नकाशावर कुणीही कितीही मोठं वर्तुळ काढेल, खरी हद्द माणूस जिथून परत फिरतो तिथे असते.

हे मी एवढं सविस्तर लिहितेय कारण तुमच्याच भागाची फाइल आलीय. माझी आजी तिथे राहते हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यामुळे मत द्यायचं काम दुसरे करतात, मी फक्त आलेली उत्तरं नकाशावर मांडते. तुम्हा अंडी विकणाऱ्या सगळ्यांना प्रश्नांचा एक कागद येईल. मी त्यात काही सांगायचं नाही आणि सांगणारही नाही. जे खरं ते लिही.

तिघी मजेत आहेत. रोज डबा एकत्र. काल एवढ्या हसलो की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं.

तू गुरुवारी बाजारात जातेस हे वाचलं की मला आठवडाभर बरं वाटतं.

तुझी
खार


ता. २ एप्रिल

माझ्या खारूताई,

कागद आले! पांढरेशुभ्र, वर शिक्का. एका घरी नाही, एकतीस घरी! पोस्टमन म्हणाला, "आजी, तुमच्या नातीने माझी पाठ मोडली." मला असा अभिमान वाटला म्हणून सांगू. मी अख्ख्या चढावर निरोप दिला, की कागद घेऊन सगळ्यांनी माझ्याकडे या. खात्यातली माणसं कशी वाचतात ते आमच्या घरात माहीत आहे.

आणि आले गं सगळे! एकतीस माणसं पायऱ्यांवर, पडवीत, दोघं तर खुराड्यावर बसले. आतून वकीलीण हरकती घेत होती. चहाला कप पुरेनात, मग मी वाट्या काढल्या, वाट्याही संपल्या, मग फुलदाणीतली फुलं काढली. फुलदाणीतून चहा मास्तरीणबाई प्यायल्या, शिकलेल्या आहेत, त्यांना चालतं.

चौथा प्रश्न होता, अंडी विकायला तुम्ही कुठे कुठे जाता? आणि सातवा, खालच्या गोदामाने भाव शेकडा पाचाने उतरवला आणि तो वर्षभर तसाच ठेवला, तर काय कराल? शिंपीणबाई म्हणाली, "काय करणार, नशिबाला शिव्या देणार आणि त्यालाच अंडी देणार." मी म्हटलं, असं लिहितात का? वरचे लोक वाचतील आणि म्हणतील, ही साहेबीण आली कुठून तर विहिरीतल्या बेडकांतून. लिहा, "दर गुरुवारी मोठ्या बाजारात जातो, भाव उतरला तर सगळीच अंडी तिकडे नेऊ." ऐकायला कसं भारदस्त वाटतं! शिंपीणबाई मध्येच फाटे फोडायला लागली, तिला मी पाणी आणायला पाठवलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहिलं, ज्यांना येतं त्यांना मी सांगितलं. एकतीसच्या एकतीस! हात दुखला, पण असा दुखावा रोज.

दाराशी चपलांचा हा ढीग पडला होता. सगळे गेले तरी मी बराच वेळ त्या जागेकडे बघत बसले. वरच्या घरातल्या एकीची छत्री राहिलीय. मी मुद्दाम नेऊन दिली नाही. म्हणजे ती न्यायला येईल.

तुझ्या नकाशावर आता आमचे ठिपके चमकतील बघ.

तुझी आजी


ता. २१ एप्रिल

आजी,

चमकले. एकतीस ठिपके, एकतीस रेघा, सगळ्या मोठ्या बाजाराकडे जाणाऱ्या, सगळ्या गुरुवारच्या. एकोणीस कागदांवर तुझं अक्षर. मी ते बघूनच ओळखलं, तुझा 'ज' अजून उलटा वळतो.

मग बसवाल्यांकडून वेळापत्रक आलं. तुमच्याकडून मोठ्या बाजाराला एकच बस जायची, गुरुवारची. ती बंद होऊन दीड वर्ष झालं.

दीड वर्ष, आजी. मी तुझी पत्रं खणातून काढून पुन्हा वाचली. प्रत्येकात एक गुरुवार आहे. खिडकीची जागा आहे, कंडक्टर आहे. मागच्या थंडीत तर तू लिहिलंस की बसमध्ये तुझ्या शेजारी एक बाई गाणं म्हणत होती. कोण होती ती?

तू काय केलंस ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते. या एकतीस कागदांमुळे मोठा बाजार तुमच्याच बाजारात धरला जाईल. मग दोघं एक झाले तरी तुमचं अडत नाही, असा अर्थ निघेल. आणि कंपन्यांनी लिहूनच दिलंय, की एक झाल्यावर खालचं गोदाम बंद करू, सगळ्यांनी पुलापलीकडे यावं. पंधरा मेला निर्णय आहे.

टोपली घेऊन तू पुलापलीकडे जाऊ शकतेस का?

आणखी एक विचारते. हा प्रश्न खात्याचा नाही, माझा आहे. तू गुरुवारी काय करतेस?

खार


ता. २९ एप्रिल

माझ्या बाळा,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा चष्मा लावून, मग चष्मा काढून, की निदान अक्षरं पुसट तरी दिसतील. तशीच दिसली.

गुरुवारी मी चांगले कपडे घालते. टोपलीत पेंढा घालते, अंडी मांडते आणि उतारावरून खालच्या गोदामात जाते. तिथे दिवेवाला असतो. प्रत्येक अंडं तो दिव्यापुढे धरतो, आत डाग आहे का बघतो आणि मग ट्रेमध्ये ठेवतो. घाई नाही त्याला. म्हणतो, "हे अंडं तुमच्यासारखं आहे आजी, बाहेरून डाग, आतून स्वच्छ." मग मी म्हणते, ते बघा बरं पुन्हा, तडा असेल. तडा नसतो. पण तो पुन्हा धरतो आणि पुन्हा काहीतरी बोलतो. आठवड्यातलं माझं बोलणं तेवढंच. कोंबड्या धरल्या नाहीत.

नंतर मी गोदामाच्या बाहेरच्या बाकावर बसते. तिथेच बस थांबायची. बस परत यायची वेळ होईपर्यंत बसते आणि मग घरी येते. बसल्या बसल्या जे आठवतं ते तुला लिहिते. कंडक्टर खरा होता गं. फक्त जुना. गाणं म्हणणारी बाईही खरी, पण तिला वीस वर्षं झाली असतील. तेव्हा तू माझ्या मांडीवर होतीस आणि तू तिला म्हणालीस, "आता बास."

तुला फसवायचं नव्हतं. शहरात गेलीस तेव्हा बस सुटताना तू खिडकीतून म्हणाली होतीस, "तू बाजारात जातेस तोवर मला काळजी नाही." आता बस त्यांनी बंद केली, मी नाही. त्यांच्या बसपायी मी तुझी काळजी का चालू करू? एक गुरुवार लिहिला. तो तुला आवडला. मग दुसरा लिहावाच लागला.

पूल मला लांब आहे. टोपली रिकामी असली तरी लांब आहे. मागच्या पावसाळ्यात पडले होते, तेही लिहिलं नव्हतं. आता लिहून टाकते, एकदाच काय ते ओरड.

पण ते एकतीस कागद! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शिंपीणबाई तेव्हाच म्हणत होती, "अहो पण बस कुठाय?" आणि मी तिला पाणी आणायला धाडलं. तुझं पत्र आल्यावर मी दारोदार गेले. रोज सहा घरं, जास्त पाय ऐकत नाहीत. प्रत्येक दारात सांगितलं, तुमच्याकडून जे लिहून घेतलं ते खोटं होतं आणि ते खोटं माझं. कुणी काही बोललं नाही, कुणी फार बोललं. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी शिकलेली, मीच लिहायला नको होतं." छत्रीवालीने दार उघडलं, ऐकलं आणि लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी येऊन छत्री घेऊन गेली, आत न येता.

गोदाम गेलं तर चढावरच्या निम्म्या घरांच्या कोंबड्या जातील. दिवेवालाही जाईल. मी कुठल्या गुरुवारची राहीन?

हे पत्र तुझ्या वरच्या बाईंना दाखव. लपवू नकोस. सांग, खोटं एकतीस जणांचं नाही, एकीचं आहे आणि तिचं अक्षर ओळखायला सोपं आहे.

आजी


ता. ६ मे

प्रिय आजी,

दाखवलं. बाईंनी सगळं वाचलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडून ही फाइल काढून घ्यावी लागेल." मी म्हटलं, हो. एकतीसही कागद रद्द झाले. निर्णय जूनच्या अखेरीला गेला.

आमचे भिंगवाले तिकडे येतील. त्यांचं नाव कुणी घेत नाही, नकाशावर भिंग घेऊन बसतात म्हणून भिंगवाले. प्रत्येक दारात जाऊन स्वतः विचारतील. त्यांना खायला घालू नकोस, त्यांना काही घेता येत नाही. त्यांना चांगलं वाटेल असंही काही सांगू नकोस. मला चांगलं वाटेल असं तर मुळीच नको.

निर्णय लागेपर्यंत आपण एकमेकींना लिहायचं नाही, असं ठरलंय. पोस्टमन रिकामा आला तर समजून घे.

पडलीस ते कुठे लागलं होतं?

नको, याचं उत्तरही नंतर.

खार


ता. २८ मे

(हे टाकत नाही. ट्रंकेत ठेवते. लिहायचं नाही म्हणजे टाकायचं नाही, असा मी अर्थ घेतला.)

माझ्या खारूताई,

गुडघ्याला लागलं होतं. डाव्या.

तुझे भिंगवाले आले. मला वाटलं होतं चांगला उंचापुरा साहेब असेल. हा तर बांबूच्या काडीला चष्मा लावल्यासारखा. पायरीवर उभा राहिला आणि म्हणाला, "मी बसत नाही." मी म्हटलं, खुर्ची लाच आहे का? तर खरंच विचार केला हो त्याने! मग बसला, पण टोकावर. चहा नको, अंडं नको. शेवटी ग्लासभर पाणी घेतलं, तेही वहीत लिहिलं असेल.

सातवा प्रश्न विचारला. भाव शेकडा पाचाने उतरला तर कुठे जाल? मी म्हटलं, कुठेही नाही. म्हणाला, "दहाने उतरला तर?" कुठेही नाही. "निम्म्यावर आला तर?" मी म्हटलं, साहेब, तुम्ही कितीही उतरवा, मला उताराच्या खाली जाता येत नाही.

तेवढं मात्र त्याला पटलं नाही. म्हणजे खोटं वाटलं असं नाही, बघायचं होतं. म्हणाला, "चला, तुम्ही नेहमीसारख्या चला, मी मागून येतो." हातात घड्याळ. मी टोपली घेतली. त्याने धरायला हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला, कारण टोपली त्याने धरली तर मोजणी चुकली असती. मला त्याची कीव आली.

पहिल्यांदा मी नळापाशी थांबते. मग मोडक्या कुंपणापाशी, तिथे दगड आहे. मग शिंपीणबाईच्या खिडकीशी, तिथे बसायला काही नाही पण खिडकीच्या कट्ट्याला टेकता येतं. शिंपीणबाई आतून म्हणाली, "आज वरातीला एकच माणूस?" मी म्हटलं, सरकारी आहे, मोजून दिलाय. महिनाभरात ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. असं करत सात ठिकाणी थांबले. सातही त्याने लिहिली. खाली पोचल्यावर घड्याळ बघून म्हणाला, "सत्तेचाळीस मिनिटं." मग स्वतः भराभर वर जाऊन खाली आला. त्याला उतरायला अकरा लागली. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत बसला. मला वाटलं आता बेरीज करतोय.

मग विचारलं, "अंडी दिल्यावर तुम्ही लगेच परत जाता?" मी म्हटलं, नाही, बाकावर बसते. "किती वेळ?" दोन तास. "का?"

काय सांगू? तू बजावलं होतंस, चांगलं वाटेल असं सांगायचं नाही. म्हणून सांगितलं, घरी कुणी नसतं, इथे निदान माणसं येता-जाता दिसतात. हेही लिहा साहेब, याला रकाना नसला तरी.

त्याने लिहिलं का ते मला कळलं नाही. पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला तो थोडा वेळ बसला. माझ्यासारखाच असावा, दिवसभर भिंगाशी बोलत असेल.

तुझी पत्रं मीही ट्रंकेतून काढून वाचली. तू माझी वाचलीस तशी. त्यात काय दिसलं ते आता लिहीत नाही, निकाल लागला की सांगेन.

आजी


ता. ४ जुलै

माझ्या खारूताई,

लागला! निकाल लागला! दिवेवाल्याने गोदामाच्या दारावर डकवलाय. मास्तरीणबाईंनी मोठ्याने वाचून दाखवला, मी पहिल्या रांगेत, कानामागे हात धरून. बाजार दोन गोदामांशी संपतो, मोठा बाजार त्यात धरता येत नाही, दोन्ही गोदामं एका मालकाची होऊ देता येत नाहीत. म्हणजे दिवेवाला राहिला. मग एक ओळ आली, "टोपली हातात घेऊन पायी येणाऱ्या वयस्क विक्रेत्यांना खालच्या गोदामापुढे पर्याय नाही." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जरा ताठ उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा छापून आले, तेही नाव न घेता.

काल छत्रीवाली आली. ऊन होतं, आभाळ कोरडं ठणठणीत. कोंबड्यांचं थोडं बोलली, उठली आणि छत्री कोपऱ्यात ठेवून गेली. विसरली म्हणे.

ट्रंकेतलं पत्र सोबत टाकलंय. आता माझं ऐक. तुझी पत्रं मी वाचली ना, त्यात तुझ्या तिघी मैत्रिणी गेली दोन वर्षं एकाच विनोदावर हसतायत. शेजारच्या टेबलावरचा तो माणूस सहा पत्रांत वळून बघतोय. त्याची मान दुखत नाही का? बाळा, खोटे गुरुवार लिहिणाऱ्या बाईला खोटे डबे वासावरून कळतात. म्हणून मीही कागद केलाय. शिक्का नाही, वाटीचा ठसा उमटवलाय. जे खरं ते लिही. मी त्यात काही सांगणार नाही.

आजी


ता. १२ जुलै

आजीच्या खात्यास,

प्रश्न १. डबा कुणाबरोबर खाता?
कुणाबरोबर नाही. तिघी होत्या. एकीची बदली झाली, एकीने नोकरी सोडली, तिसरी खालच्या मजल्यावर गेली आणि हळूहळू जिन्यात हसण्यापुरती उरली. मी टेबलावरच खाते, नकाशा बाजूला सारून.

प्रश्न २. सुट्टीच्या दिवशी कुठे कुठे जाता?
दुकानात. मागच्या रविवारी दुकानदाराला "पिशवी नको" म्हटलं. दिवसभरातलं बोलणं तेवढंच.

प्रश्न ३. हे खरं आधी का लिहिलं नाहीत?
मी हसते हे वाचून तुला आठवडाभर बरं वाटत असेल, असं मला वाटायचं.

प्रश्न ४. आजीकडची पत्रं यायची बंद झाली, तर दुसरीकडे कुठे जाल?
हे मला मे आणि जूनमध्ये कळलं. कुठेही नाही. रोज संध्याकाळी पोस्टाची पेटी उघडायची, आत हात घालून बघायचा आणि बंद करायची. दुसरी जागा नाही, आजी. माझा सगळा बाजार तुझ्या पाकिटात आहे.

भिंगवाल्यांनी एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन सांगितलं, "तुमच्या आजी सात ठिकाणी थांबतात." आणि डबा घेऊन समोर बसले. परवाही बसले. फारसं बोलत नाहीत. हे खरं आहे, विनोद काही सांगता येणार नाही.

रजा मिळाली. येत्या गुरुवारी येते. रात्रीची गाडी, मग मोठ्या रस्त्याची बस पुलाशी सोडते. तिथून चालत. अकराच्या सुमाराला.

खार


ता. १६ जुलै

माझ्या खारूताई,

हे पत्र तुझ्याआधी पोचणार नाही, ते मला कळतंय. तरी लिहिते, हाताला सवय आहे. आलीस की इथेच वाच.

कप धुऊन ठेवले. दोनच काढले होते, मग आणखी चार काढले. शिंपीणबाई विचारत होती किती वाजता येते, मास्तरीणबाईही. छत्रीवालीची छत्री कोपऱ्यात आहे, म्हणजे तीही येईल. नकटीला सांगितलंय, पाहुणीच्या चपलेवर बसायचं नाही.

पुलावर घ्यायला आले असते. पण तुला आणि मला दोघींनाही माहीत आहे, आता खोटं लिहून उपयोग नाही. तू पुलावरून सरळ ये, वाट गोदामावरूनच आहे. मी दहाच्या आधीच निघते, सात ठिकाणी थांबत. अकराला खालच्या गोदामापाशी बाकावर असेन. तिथपर्यंत मला येता येतं. दारावरच्या सरकारी कागदात तसं छापलंय.

तुझी आजी